लेसर आणि मिग वेल्डिंग एकत्र वापरलं तर 6 मिमीची प्लेट वाकायची थांबेल का?

वाकणं पूर्ण थांबणार नाही, पण बरंच कमी होईल. तुम्ही लिहिलंय, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये दोन्ही बाजूंनी मिग मारता आणि लांब जॉब केळीच्या पानासारखा वळतो. कारण उष्णता. मिगचा आर्क, म्हणजे वायर आणि प्लेटमधली विजेची सततची ठिणगी, पसरट तापवतो, खोल जात नाही. लेसर उलट: धातूची वाफ करून सुईसारखं अरुंद, खोल भोक पाडतो आणि तेच भोक सांध्यावरून पुढे सरकतं. पण नुसत्या लेसरला गॅप खपत नाही. दोन-तीन दशांश मिमीची फट असली तरी किरण आरपार जातो, सांधा खाली बसतो.

म्हणून दोन्ही एकाच वितळलेल्या डबक्यात सोडतात; यालाच हायब्रिड वेल्डिंग म्हणतात. आर्कची वायर फट भरते, लेसर खोली देतो, आणि लेसरच्या वाफेमुळे आर्क वेगातही भरकटत नाही. 6 मिमी एका बाजूने, एकाच पासमध्ये (फेरीत) होतं. ही कल्पना 1970 च्या दशकाच्या अखेरीस विल्यम स्टीन यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात मांडली. पुढे जहाजबांधणीत रुजली.

एक मात्र कळकळीने सांगतो. नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत हल्ली दिसतं ते हातात धरायचं, वायर फीडरवालं लेसर मशीन म्हणजे हायब्रिड नव्हे, त्यात आर्कच नसतो. खऱ्या हायब्रिडला काही किलोवॉटचा लेसर, रोबो किंवा गॅन्ट्री (रुळांवर सरकणारी चौकट) आणि बंद केबिन लागते. परावर्तित किरणही डोळा कायमचा घालवतो, आणि तो किरण दिसतही नाही.

महिन्याला चार-पाचच जॉब असतील तर एवढा पसारा न मांडता आधी फिक्स्चर (जॉब घट्ट धरणारा साचा) आणि टॅकचा, म्हणजे आधी मारायच्या छोट्या टाक्यांचा, क्रम सुधारा.