आयन आणि रेणूंची टक्कर घडवून रासायनिक बंधाची ऊर्जा कशी मोजतात? टक्कर म्हणजे नुसती तोडफोडच ना?

तोडफोडच, पण मोजूनमापून केलेली. धडक हळूहळू वाढवत न्यायची आणि तुकडा पहिल्यांदा कधी दिसतो ते बघायचं. हे 'पहिल्यांदा' ठरवण्यातच माझी पीएचडीची बरीच वर्षं गेली.

समजा, सोडियमच्या आयनाला पाण्याचा एक रेणू चिकटलाय. विद्युतभार असल्यामुळे व्होल्टेज लावून त्याला हवा तेवढा वेग देता येतो. मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे वस्तुमानानुसार आयन वेगळे करणाऱ्या यंत्राने, 41 वस्तुमानाचा हा आयन निवडायचा आणि आठ दांड्यांच्या ऑक्टोपोलमधून सोडायचा. वाटेत अगदी विरळ झेनॉन वायू. दांड्यांवरच्या रेडिओ-फ्रिक्वेन्सी व्होल्टेजमुळे तुकडेही बाहेर निसटत नाहीत. मग 23 वस्तुमानाचा मोकळा सोडियम आयन कधी येऊ लागतो ते बघायचं. हा बंध साधारण 1 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (ईव्ही, ऊर्जेचं एकक), म्हणजे मोलमागे 96 किलोज्यूलच्या आसपास.

झेनॉनच का? आयनाची सगळी ऊर्जा बंध तोडायला मिळत नाही. काही भाग आदळणारी जोडी मिळून पुढे सरकते त्यातच अडकतो. 10 ईव्हीचा हा आयन हेलियमवर आपटला तर कामाला जेमतेम 0.9 ईव्ही येते, झेनॉनवर 7.6. (धडकेची ऊर्जा वाढवताना किती तुकडे दिसले, त्याच्या पहिल्या आलेखात मी हे रूपांतरच विसरलो होतो. बंध तीस टक्क्यांनी दणकट निघाला आणि मी दोन दिवस खुशीत होतो!)

खरी डोकेदुखी पुढे आहे. आलेखातली रेषा खटकन उठत नाही, हळूच वर वळते. आयन खोलीच्या तापमानालाही थरथरत असतो, ती ऊर्जा तुटण्याच्या कामी येते, म्हणून तुकडे लवकर दिसतात. वायू जास्त झाला तर एकाच आयनाला दोन धडका बसतात, तरीही लवकर. म्हणून वेगवेगळ्या दाबांवर मोजून शून्य दाबाचा अंदाज काढतात. मोठ्या आयनांचं उलटं. पुरेशी ऊर्जा मिळूनही ती अंगभर पसरते आणि तुटायच्या आत आयन डिटेक्टरपर्यंत अख्खा पोचतो. बंध आहे त्यापेक्षा मजबूत भासतो. तिथे आरआरकेएम सिद्धान्ताने (दिलेल्या ऊर्जेला रेणू किती वेगाने तुटेल हे सांगणारा सिद्धान्त) तुटण्याचा वेग काढून दुरुस्ती करतात. युटा विद्यापीठातल्या पीटर आर्मेनट्राउट यांच्या गटाचे शोधनिबंध यासाठी जरूर चाळा.

एक मात्र आहे: पाण्याचा रेणू सरळ सुटून जातो तिथेच हा आकडा बंधऊर्जेचा असतो. तुटताना अणूंची फेरमांडणी होत असेल, तर मोजली जाते ती बहुधा वाटेतल्या अडथळ्याची उंची.