‘सगळ्यांचा गुडघा वाकतो, माझाच वाकत नाही’

“डॉक्टर म्हणतात ऑपरेशन छान झालंय. मग वर्गात मीच का मागे? मला येणं बंद करायचंय. घरीच करीन काय तो व्यायाम.”

गुडघ्याची वाटी बदलून पाच आठवडे झालेल्या एक काकू माझ्यासमोर बसून हे सांगत होत्या. वय 68. पुण्यात पेठेतल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. (ही गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ऑपरेशननंतरच्या अशा व्यायामाच्या वर्गांना जाणाऱ्या कितीतरी जणांकडून मी हीच तक्रार ऐकते. काहीजण तर ती बोलूनही दाखवत नाहीत, नुसते यायचे थांबतात.

त्यांचा वर्ग आठवड्यातून तीन दिवस भरायचा. आठ-नऊ जण, सगळ्यांचे गुडघे नवे. टाच सरकवत पाय वाकवणं, मांडीचा स्नायू आवळून धरणं, पाय सरळ ठेवून उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. शेवटी फिजिओताई प्रत्येकाचा गुडघा किती अंश वाकतो तो कोन मोजून फळ्यावर लिहायच्या. हुरूप यावा एवढाच त्यांचा हेतू. काकूंच्या नावापुढे 78 अंश होते आणि शेजारच्या खुर्चीतल्या निवृत्त एसटी कंडक्टर काकांच्या नावापुढे 115. त्या काकांचं ऑपरेशन काकूंच्या नंतर चार दिवसांनी झालेलं!

“मुलानं एवढा पैसा घातला,” काकू म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. फळ्यावरच्या आकड्यात त्यांना मुलाचे वाया गेलेले पैसे दिसत होते.

मी गुडघ्याची तज्ज्ञ नाही. त्यामुळे पहिल्या भेटीतच त्यांना सर्जनकडे पाठवलं. पाचव्या आठवड्यात गुडघा नव्वदच्या आत असेल तर आधी त्यांनीच बघायला हवं. जखम, सूज, ताप, सगळं तपासून घ्यायला हवं. पोटरी एकदम दुखायला-सुजायला लागली किंवा धाप लागली तर वर्गाची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठायचे, हेही सांगितलं. सर्जननी सांध्यात काही बिघाड नाही असं कळवलं. प्रगती अशीच अडून राहिली तर भूल देऊन गुडघा वाकवण्याचा विचार करावा लागेल, असंही ते म्हणाले. ते ऐकून काकू आणखी घाबरल्या.

दुसऱ्या भेटीत मी कोनाबद्दल काही विचारलंच नाही. “रात्र कशी जाते?” एवढंच विचारलं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. रात्री ठणका लागतो म्हणून त्या गुडघ्याखाली जाड उशी घेऊन झोपत होत्या. कुणीतरी प्रेमानंच सुचवलेलं. त्यानं बरं वाटतं हे खरं, पण रात्रभर गुडघा अर्धवट वाकलेला राहतो आणि मग पूर्ण सरळ व्हायला कुरकुरतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्यावी, म्हणजे गुडघा सरळ राहतो. दुसरं असं, की दुखण्यावरच्या गोळ्या त्यांनी तिसऱ्याच आठवड्यात मनानं बंद केल्या होत्या. “किडनी जाते म्हणतात.” म्हणजे बाकीचे गोळी घेऊन व्यायाम करत होते आणि या सगळा ठणका सोसून. शरीर अंग चोरणारच.

“हे फिजिओताईंना सांगितलंत का?”

“सगळ्यांसमोर कसं सांगणार? सगळे हसत-खेळत करतात.”

माझ्या मते खरी अडचण इथे होती. गटात व्यायाम करण्यानं गुडघ्याचं नुकसान होत नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातल्या 249 रुग्णांच्या अभ्यासात एकेकट्यानं घेतलेली फिजिओथेरपी गटातल्या किंवा घरच्या व्यायामापेक्षा सरस ठरली नव्हती. पण गटात लाजेपोटी माणूस गप्प बसला, तर त्याचं दुखणं कुणाला कळत नाही आणि फळ्यावर फक्त आकडा उरतो.

त्या आकड्याबद्दलही एक गोष्ट कुणीतरी काकूंना आधीच सांगायला हवी होती. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल, हे बरंचसं तो ऑपरेशनआधी किती वाकत होता यावर ठरतं. काकूंचा गुडघा सहा-सात वर्षं आखडलेला होता. कंडक्टर काका ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत मांडी घालून जेवत होते. दोघांची तुलना करायची तरी कशी? आणि सपाट रस्त्यावर चालायला साठ-पासष्ट अंश पुरतात, खुर्चीतून नीट उठायला नव्वदच्या पुढे लागतात. मांडी घालायला मात्र त्याहून खूपच जास्त. यापुढे पाटावर बसून पूजा होणार नाही, हे काकूंना माझ्याकडे बसून पहिल्यांदा स्वच्छ कळलं. त्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मीही गप्प बसले. चाळीस वर्षांची बैठक मोडते तेव्हा समजूत घालायची घाई करू नये.

काकूंच्या संमतीनं मी फिजिओताईंशी बोलले. त्यांनी त्याच दिवशी फळा पुसला. कोन आता प्रत्येकाच्या वहीत जातो आणि वर्गाची सुरुवात “रात्र कशी गेली?” या प्रश्नानं होते. सर्जननी काकूंच्या रक्ताच्या तपासण्या बघून झेपतील अशा गोळ्या व्यायामाच्या वेळेशी जुळवून दिल्या. व्यायामानंतर पंधरा मिनिटं बर्फाची पिशवी, कापडात गुंडाळून.

मग एक दिवस त्या प्रश्नाला कंडक्टर काकांनी उत्तर दिलं: “झोप लागते हो, पण जिना उतरायची छाती होत नाही. महिनाभर लिफ्टशिवाय खाली आलो नाही.” 115 अंशवाले काका! आणि 78 अंशवाल्या काकू दोन मजले रोज चढत-उतरत होत्या, कारण त्यांना इलाजच नव्हता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एक हात कठड्याला. फिजिओताई शेजारी उभ्या राहिल्या आणि हॉलच्या चार पायऱ्यांवर काकूंनी काकांना ते करून दाखवलं.

दहाव्या आठवड्यात काकूंचा गुडघा 96 वर आला. भूल द्यायची वेळ आली नाही. देवघर भिंतीवर उंचावर हलवलं आहे आणि पूजा खुर्चीत बसून होते. पाटाची आठवण अजून येते म्हणतात.

गेल्या आठवड्यात वर्गात एक नव्या बाई आल्या, कोपऱ्यातली खुर्ची धरून बसल्या. काकू काठी टेकत त्यांच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “रात्री उशी कुठे घेता हो?”