गळती दिसली आहे, आता करारावर सही करू का?

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला १९८८ साली बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके घ्यायचं ठरवलं आहे. एक लाख टोकन दिलं. पावतीवर ‘फ्लॅटच्या व्यवहारापोटी टोकन मिळाले’ एवढंच आहे. बँकेचं कर्ज मंजूर झालं आहे. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा नुकताच रंग दिलेला होता. परवा खालच्या काकूंनी हाक मारून त्यांच्या बाथरूमचं छत दाखवलं. ओल, पोपडे, एका कोपऱ्यात गंजलेली सळई. चार वर्षं तक्रार करतेय, म्हणाल्या. मालकांना व्हॉट्सअॅपवर विचारलं तर उत्तर आलं, ‘तो कॉमन पाइपचा विषय आहे, सोसायटी करून देईल.’ एजंटने पाठवलेल्या मसुद्यात ‘फ्लॅट पाहून, समाधान करून, आहे त्या स्थितीत घेत आहे’ असं कलम आहे. पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन आहे. सही करू का? पुढे खर्च निघाला तर मालकांकडून वसूल होईल का?
– एक शिक्षिका, डोंबिवली

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. मसुदा आहे तसा ठेवून सही केलीत, तर गळतीचा खर्च मालकांकडून वसूल होण्याची आशा धरू नका.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याने मालमत्तेतला महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे. तो दडवला तर कायदा त्याला फसवणूक मानतो. पण हे संरक्षण कोणत्या दोषाला आहे ते नीट पाहा. जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊनही त्याला कळला नसता, असा दोष. ताज्या रंगाखाली झाकलेली ओल परवापर्यंत यात बसत होती. काकूंचं छत तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत, त्यानंतर बसत नाही. शिवाय हे कलम लागू होतं ते करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द नेमकं ते वेगळं ठरवतात. भारतीय करार अधिनियमातही तीच दिशा आहे. समोरचा गप्प राहिला म्हणून फसलो असं म्हणणाऱ्याला, साध्या चौकशीत खरं कळलं असतं तर करार मोडता येत नाही.

म्हणजे कायदा इथे तुम्हाला जे देत नाही, ते करारातून मिळवावं लागेल आणि तेही सहीच्या आधी. काकूंनी दार उघडलं हे तुमच्या दृष्टीने फार चांगलं झालं. त्यांचे आभार माना. ताबा घेतल्यावर तुमच्या बाथरूममधून खाली टपकणाऱ्या पाण्याची तक्रार तुमच्याच नावाने होणार आहे.

आता ‘सोसायटी करून देईल’ याकडे वळू. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांमध्ये, खर्चाची वाटणी दिलेली आहे. बाहेरच्या पाण्याच्या लाइनी, टाक्या, पंप, ड्रेनेज, गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या कॉमन पाइपमुळे होणारी गळती, हे सगळं सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायचं. फ्लॅटच्या आतल्या नळाच्या लाइनी, संडास-बाथरूम, सिंक, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतून सांडपाणी जाण्याचं तोंड) यांतून गळत असेल तर तो खर्च त्या सभासदाचा. मालक म्हणतात तसं कॉमन पाइपचं असेल तर चार वर्षांत सोसायटीने काय केलं, याचा एक तरी कागद सोसायटीच्या दप्तरात असायला हवा. सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन विचारा. त्या फ्लॅटबद्दल गळतीची तक्रार आहे का, मालकांना नोटीस गेली आहे का, थकबाकी किती, आणि शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं. उपविधींप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुम्ही अजून सभासद नाही, त्यामुळे सेक्रेटरी कागद द्यायला कचरतील. मग मालकांनाच अर्ज करायला सांगा. त्यांनी नकार दिला तर त्या नकारातून तुम्हाला बरंच कळेल.

पाइप कोणाचा हे वादावादीत ठरत नाही, पाणी कुठून येतं ते पाहिल्यावर ठरतं. मालकांच्या परवानगीने एक दिवस तुमच्या विश्वासातला प्लंबर घेऊन जा, एजंटने दिलेला नको. गच्चीवरच्या टाकीतून या फ्लॅटला येणारा व्हॉल्व्ह बंद करून खालचं छत दोन दिवस बघा. ओल सुकू लागली तर भिंतीतल्या दाबाच्या लाइनीवर संशय घ्यायचा. त्या काळच्या इमारतींत ती बहुतेक जीआयची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची असते, आतून गंजत जाते आणि वरून काहीच दिसत नाही. पाणी वापरलं नाही तरी ओल तशीच राहिली आणि वरच्या मजल्यांवर आंघोळी झाल्या की वाढली, तर बाहेरच्या कॉमन लाइनीचा विचार करा. नंतर नहाणी ट्रॅप बूच लावून बंद करा, दीडदोन इंच पाणी साठवा, त्यात रंग घाला आणि चोवीस तास ठेवा. खाली रंग उतरला तर वॉटरप्रूफिंग गेलं आहे आणि तो खर्च सभासदाचाच. हे सगळं करताना काकूंच्या छताचे फोटो तारखेसह काढा आणि प्लंबरकडून सहीचा अहवाल घ्या. सळई उघडी पडली आहे, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरलाही एकदा दाखवा. तिथे प्लंबरचं काम संपतं. बँकेच्या व्हॅल्युअरने फ्लॅट पाहिला आहे यावर भिस्त ठेवू नका. तो बँकेसाठी किंमत ठरवायला येतो, नळाच्या लाइनी तपासायला नाही.

आणखी एक गोष्ट अशा इमारतींत हमखास निघते. वरच्या बाथरूमचा ट्रॅप आणि त्याचा पाइप खालच्या घराच्या छताखाली लोंबत असतो. म्हणजे तुमच्या घराची दुरुस्ती काकूंच्या बाथरूममध्ये शिडी लावून करावी लागेल. आज त्यांना दुरुस्ती हवी आहे, त्या आनंदाने हो म्हणतील. ते ‘हो’ साध्या कागदावर लिहून घ्या. काम अर्धं झाल्यावर दार बंद झालं तर सोसायटी, उपनिबंधक, सहकार न्यायालय असा फेरा मागे लागतो.

अहवाल हातात आल्यावर मालकांशी बसा. दोष आतल्या लाइनीचा निघाला तर ‘तुम्ही दुरुस्त करून द्या’ असं म्हणू नका, हे माझं ठाम मत आहे. जाणारा माणूस टाइल्सच्या फटी भरतो, वरून रंग देतो आणि पहिल्या पावसाळ्यात सगळं पुन्हा वर येतं. प्लंबरचं लेखी अंदाजपत्रक पुढे ठेवा, किंमत तेवढी कमी करून घ्या आणि काम ताबा मिळाल्यावर स्वतः करा. कमी झालेली किंमत करारात लिहा, मागल्या दाराने रोख परत घेऊ नका. मुद्रांक शुल्क मात्र करारातली किंमत आणि रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या) दराने येणारी किंमत यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं. त्यामुळे शुल्कही कमी होईलच असं धरून हिशोब करू नका. दोष कॉमन लाइनीचा असेल तर सोसायटीचं दुरुस्तीचं लेखी पत्र घेऊन मगच पुढे जा.

करारातून ‘आहे त्या स्थितीत’ हे कलम काढायला सांगा. मालक अडून बसले तर त्याला जोडून लिहून घ्या की सोबतच्या अहवालात नमूद केलेली गळती सोडून दुसरी कोणतीही गळती किंवा सोसायटीची नोटीस विकणाऱ्याच्या माहितीत नाही, आणि ताब्याआधीच्या नुकसानीबद्दल कोणी दावा केला तर तो विकणारा भागवेल. हे विधान पुढे खोटं ठरलं तर तुमच्या हातात ठोस काहीतरी असेल. फसवणूक उघड झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. त्याखेरीज तुमच्या स्वतःच्या हिश्श्यातली ठरावीक रक्कम ताब्यानंतर, पाण्याची तपासणी पुन्हा झाल्यावर द्यायची असं ठरवा. बँकेचा चेक एकदम जातो, म्हणून ही सोय तुमच्याच पैशातून करावी लागते. व्हॉट्सअॅपवरचं मालकांचं उत्तर पुसू नका. तक्रार चालू असल्याचं त्यांना ठाऊक होतं हे त्यातूनच दिसतं.

रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येईल का, असं अनेक जण विचारतात. बिल्डरने ताबा दिल्यापासून पाच वर्षांतल्या दोषांसाठी रेरा आहे, पण तुमची इमारत त्याच्या कितीतरी आधीची. आणि एका माणसाने आपला जुना फ्लॅट दुसऱ्याला विकला तर तो ग्राहक आयोगाचा विषय होत नाही. वाद झालाच तर दिवाणी न्यायालय, आणि तिथे वर्षं जातात. म्हणून मी हे सगळं सहीच्या आधी करायला सांगते आहे.

मालक काहीच मान्य करत नसतील तर व्यवहार सोडा. टोकनच्या पावतीवर पैसे जप्त होण्याची अट नाही आणि गळतीची तक्रार त्यांनी तुम्हाला सांगितलेली नव्हती, त्यामुळे एक लाख रुपये ठेवून घेण्याचा त्यांचा हक्क लंगडा आहे. पण फोनवर ‘आम्हाला नको’ एवढं म्हणून मोकळ्या होऊ नका. आधी लेखी कळवा की दोष उघड झाला आहे, अहवाल सोबत आहे, आणि किंमत व कराराच्या अटी सुधारल्या तर आम्ही आजही घ्यायला तयार आहोत. उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर वकिलामार्फत रक्कम परत मागणारी नोटीस पाठवा. पुढच्या आठवड्याची रजिस्ट्रेशनची वेळ आजच रद्द करा आणि कर्जमंजुरीची मुदत कधीपर्यंत आहे ते बँकेला विचारून घ्या.