वाचकांचे प्रश्न : फाटक नसलेले स्टेशन

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी नुकतीच बर्लिनला गेली असून, तिने हाकेशर मार्क्ट या लोकलच्या स्टेशनाचे छायाचित्र पाठवले आहे. त्यात टी. सी. दिसत नाही आणि फलाटावर जाताना कोठे अडवणारे फाटकही नाही. तेथे तिकीट कोणी तपासतच नाही काय? शिवाय फलाटालगतच्या रुळांवर विजेची तार नाही, पण पलीकडच्या रुळांवर आहे. हा काय प्रकार आहे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : तारेची गोष्ट आपल्या बरोबर लक्षात आली, म्हणून आधी तीच घेऊ. फलाटालगतचे दोन मार्ग केवळ एस-बान या लोकल गाड्यांसाठी आहेत आणि त्यांना वीज वरून नव्हे, तर रुळांच्या कडेने बसवलेल्या तिसऱ्या रुळातून मिळते. या तिसऱ्या रुळात ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह खेळत असतो. त्याच्या वरच्या बाजूस आच्छादन असून गाडीचा संपर्क-बूट, म्हणजे वीज घेणारा भाग, त्याला खालून घासत जातो, त्यामुळे बर्फाचा उपद्रव कमी होतो. बर्लिनमध्ये ही पद्धत १९२४ मध्ये सुरू झाली. पलीकडचे दोन मार्ग लांब पल्ल्याच्या व प्रादेशिक गाड्यांचे आहेत. त्यांवर १५,००० व्होल्टची तार असते, आणि त्या गाड्या या स्टेशनावर न थांबता पुढे जातात. आपल्या मिरज-लोंडा मार्गावर वीज डोक्यावर असते, म्हणून खाली पाय कोठे पडतो याचा धाक आपल्याला नसतो. गेट बंद असताना वाकून रूळ ओलांडणारे बेळगावात रोज दिसतात. बर्लिनमध्ये मात्र फलाटावरून खाली पडलेली वस्तू उचलण्यासाठीही उतरू नये, हे मुलीला स्पष्ट सांगावे.

आता तिकिटाविषयी. फाटक नाही, म्हणजे तपासणी नाही, असे नव्हे. साध्या वेशातील तपासनीस चालत्या गाडीत अचानक ओळखपत्र काढून तिकीट मागतात आणि वैध तिकीट नसल्यास ६० युरो दंड होतो. नवख्यांची फसगत वेगळ्याच ठिकाणी होते : यंत्रातून काढलेले छापील एकेरी तिकीट फलाटावरच्या छोट्या पेटीत सरकवून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो, आणि तो नसेल तर पैसे भरलेले असूनही ते तिकीट ग्राह्य धरले जात नाही. माहीत नव्हते, ही सबब तेथे सहसा चालत नाही. थोडे कठोर वाटते खरे, पण प्रत्येक प्रवाशाला दारात अडवण्यापेक्षा ही रीत मला तरी अधिक सोयीची वाटते.

स्टेशनाविषयी थोडेसे. दगडविटांच्या कमानींवरून शहराच्या मध्यातून जाणाऱ्या मार्गावरचे हे स्टेशन १८८२ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव बोर्झे, म्हणजे शेअर बाजार, असे होते. पूर्व बर्लिनच्या काळात, १९५१ मध्ये, ते मार्क्स-एंगेल्स-प्लाट्झ झाले आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९२ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. बेळगाव की बेळगावी, या वादात वाढलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. कमानींखाली आता उपाहारगृहे आहेत.

मुलीला विद्यापीठाचे सत्र-तिकीट, म्हणजे सत्रभर चालणारा विद्यार्थी पास, मिळणार असेल, तर शिक्क्याची कटकट पुढे उरणार नाही. तोपर्यंत एक लक्षात ठेवावे : एकेरी तिकीट दोन तास चालते, पण एकाच दिशेने, त्याच तिकिटावर परत येता येत नाही.