धडधाकट पोराला टीबीची गोळी कशाला?

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, यंत्रमागावर जातो. सध्या आठवड्यात तीनच दिवस काम आहे, म्हणून मित्राबरोबर हैदराबादला ‘गोळ्यांच्या टेस्टिंगला’ जायचं म्हणतोय. टीबीची एक गोळी आणि दुसरी कसलीशी देणार, रक्त काढणार, पैसे मिळणार. त्याला साधा खोकलाही नाही. मग हे कशाला?
— एक आई, भवानी पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, ती टीबीची गोळी बहुधा रिफाम्पिसिन असावी. शिकत असताना अशाच एका चाचणीत मीही ती घेतली आहे. दुसऱ्या दिवशी लघवी नारिंगी झाली आणि औषधशास्त्राचा हा विद्यार्थी घाबरून आईला पत्र लिहायला बसला! रंग औषधाचाच होता.

ही गोळी यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवते. मग सोबतचं औषध रक्तात टिकत नाही. टीबीवर उपचार घेणाऱ्या बाईची गर्भनिरोधक गोळी यामुळेच फसू शकते, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन कमी पडतं. सोबतचं औषध नेमकं किती कमी पडतं, हे आजारी माणसावर तपासलं तर ताप, अशक्तपणा, आणखी चार औषधं. फरक नक्की कशाने पडला ते कळणार कसं? म्हणून निरोगी माणूस घेतात. आधी दुसरं औषध एकटंच देऊन ठरल्या तासांना रक्त घेतात. मग काही दिवस रोज रिफाम्पिसिन, आणि पुन्हा तेच औषध. त्याची तुलना त्याच्याशीच.

तिथे खाणंपिणंही बांधून दिलेलं असतं. १९८९ मध्ये कॅनडात फेलोडिपिन ही रक्तदाबाची गोळी दारूबरोबर तपासत होते. दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा (मोसंबीच्या जातीतलं एक फळ) रस दिला, आणि रक्तात औषध भलतंच वाढलेलं निघालं. संशय दारूवर, करणी रसाची!

मला गोळीपेक्षा लपवालपवीची भीती जास्त वाटते. पैशांसाठी काही पोरं एका केंद्रातून सुटली की दुसऱ्यात नाव घालतात. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही एन्झाइम्स पूर्वपदावर यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यात दुसरी चाचणी घेतली तर आकडे खोटे, आणि जिवाशी खेळ तो वेगळाच. बिडी ओढतो का? धुरानेही काही औषधं लवकर मोडतात. कंबर दुखली की मेडिकलमधून आणतो ती गोळी, कधी झालेली कावीळ, दारू, सगळं तिथल्या डॉक्टरांना सांगायचं. ‘सांगितलं तर घेणार नाहीत’ असं मित्र म्हणेल. नाही घेतलं तर नाही घेतलं.

संमतीपत्र मराठीत किंवा तेलुगूत, तुमच्या घरात जे वाचता येतं त्यात मागा, आणि सही करण्याआधी घरी आणून वाचा. चाचणीत भाग घेणाऱ्यांचं हित बघणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का, विचारा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, असं औषध-चाचण्यांचे २०१९ चे नियम सांगतात. मधूनच सोडून यायचा हक्कही त्याला आहे.

गेलाच, तर त्या नारिंगी रंगाचं आधीच कानावर घाला. नाहीतर अपरात्री फोन तुम्हालाच येईल.