तो पिळलेला कळस कुठे गेला?

प्रश्न : १९८६ साली आमच्या फाउंड्रीने मला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं होतं, शेफील्डला. लंडनहून ट्रेनने जाताना शेफील्ड यायच्या जरा आधी एका चर्चचा कळस दिसला आणि तो चक्क पिळलेला होता, ओलं धोतर पिळून उभं धरावं तसा, वर एका बाजूला कललेलापण. गावाचं नाव वाचेपर्यंत गाडी सुटली, आणि परत येताना रात्र होती. आता मुलगी शेफील्डलाच असते. गेल्या वर्षी तिच्याकडे जाताना त्याच रूटवर मुद्दाम उजवीकडची खिडकी पकडून बसलो, काहीच दिसलं नाही. शेफील्डचं कॅथेड्रल बघितलं, कळस सरळ. डर्बीला जाऊन आलो, तिथे नुसता चौकोनी टॉवर, कळसच नाही. घरचे म्हणतात तुम्हाला भास झाला असणार. तो कळस पाडला की सरळ केला? मे महिन्यात परत जातोय. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भास बिलकुल नाही, आणि पाडलाही नाही की सरळही केला नाही! गावाचं नाव चेस्टरफील्ड, डर्बी आणि शेफील्डच्या मधलं स्टेशन, आणि चर्च सेंट मेरी अँड ऑल सेंट्स. गेल्या वर्षी दिसला नाही कारण तुम्ही उजवीकडे बसलात. लंडनकडून येताना गाव रुळाच्या डाव्या हाताला राहतं, १९८६ ला तुम्ही नक्की डावीकडे बसला असणार. बाजू बदलली एवढंच झालं, आणि त्यापायी इतकी वर्षं लक्षात ठेवलेली खरी गोष्ट घरच्यांनी भास म्हणून निकालात काढली याचं मला खरंच वाईट वाटलं.

कळसाची उंची २२८ फूट, म्हणजे आपल्या मुंबईच्या राजाबाई टॉवरपेक्षा ५०-५२ फुटांनी कमी. साधारण ४५ अंशांचा पीळ आहे आणि टोक मूळ जागेपासून जवळजवळ साडेनऊ फूट सरकलंय. आतून सगळा लाकडाचा सांगाडा, वरून शिशाचे पत्रे, तेही तिरपे, माशाच्या काट्यासारखे लावलेत त्यामुळे पीळ आहे त्याहून जास्त वाटतो.

आता पीळ पडला कसा, तर तुम्ही फाउंड्रीतले म्हणून जरा सविस्तर सांगतो. कळस बांधला १३६० च्या आसपास, म्हणजे प्लेगच्या मोठ्या साथीनंतर दहा-बारा वर्षांनी. त्या साथीत इंग्लंडमधली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं गेली, त्यात जाणते सुतारही गेले, त्यामुळे जे उरले त्यांना हे काम पेललं नाही असं म्हणतात. लाकूड ओलं वापरलं हे कारण सगळे सांगतात, पण तेवढ्याने होत नाही, कारण त्या काळी ओक ओलाच कापायचे, वाळला की हत्यार चालत नाही इतका कडक होतो. खरी गडबड अशी की आतल्या खांबांना तिरपे आधार पुरेसे नव्हते. ओलं लाकूड वाळताना आकसतं, पीळ धरतं, हे आपला कुठलाही सुतार सांगेल, त्याला तिरप्या दांड्यांनी जखडलं तर ते जागेवर राहतं, इथे जखडणारं कमी पडलं. त्यात डोक्यावर तीस टनांहून जास्त शिसं, आणि शिसं उन्हात पसरतं. दक्षिणेच्या बाजूला ऊन जास्त, उत्तरेला सावली, म्हणजे एक बाजू रोज ताणली जाणार आणि दुसरी तशीच. यातलं कुठलं कारण किती टक्के यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, मला स्वतःला आधार नसणं आणि शिशाचं वजन हीच जोडी पटते.

गावातल्या लोकांचं उत्तर वेगळं आहे. शेजारच्या बोल्सोवर गावातल्या लोहाराने सैतानाच्या पायात नाल ठोकताना खिळा मांसात घातला, तो कळवळून उड्या मारत निघाला आणि चर्चवरून जाताना कळसाला लाथ बसली! तिथल्या फुटबॉल क्लबला लोक स्पायराइट्स म्हणतात, म्हणजे कळसवाले. १९६१ साली चर्चला आग लागली होती, आत बरंच जळलं, पण कळस वाचला.

गाडीतून बघून समाधान मानू नका, उतराच. मी गेलो होतो तेव्हा आधी नुसता समोर उभा राहून फोटो काढले आणि वाटलं झालं, मग सहज चर्चला वळसा घातला तर दहा-दहा पावलांवर कळस बदलत होता. एका कोपऱ्यावरून जवळजवळ सरळ, अजून थोडं पुढे गेलो तर टोक असं बाहेर झुकलेलं की खाली उभं राहायला नको वाटलं, आणि मागच्या बाजूने शिशाच्या पत्र्यांच्या कडा बुडापासून वर वळत जाताना स्पष्ट दिसतात, वेणी घातल्यासारख्या. मी तीन चकरा मारल्या. टॉवरची टूर असते, जिन्याने कळसाच्या बुडापर्यंत नेतात, तिथून आतली जुनी लाकडं दिसतात. गुडघे साथ देत असतील तर सोडू नका, पण टूर कधी आहे ते आधी विचारून घ्या.

स्टेशनच्या बाहेर जॉर्ज स्टीफन्सनचा पुतळा आहे, तोही बघा. रेल्वेवाला स्टीफन्सन शेवटी याच गावात राहिला, १८४८ ला इथेच वारला, आणि त्याचा मुलगा रॉबर्ट आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनियर होता, तीच बोरीबंदर-ठाणेवाली.

शेफील्डहून चेस्टरफील्ड ट्रेनने पंधरा मिनिटांच्या आसपास. उलट्या दिशेने जाताना मात्र उजवीकडे बसा. आणि मुलीलापण न्या, कळसासमोर तुमचा फोटो तिलाच काढू दे, तो आधी घरच्यांना पाठवा आणि मग आम्हाला.