फडाचा हिशेब ठेवतो तो फडणीस? अहो, नाही!

प्रश्न आलाय की तमाशाच्या फडाला सरकारी अनुदान मिळतं, तर फडाचा हिशेब तपासणाऱ्याला पूर्वी 'फडणीस' म्हणायचे हे खरं का, आणि ऑडिटला लेखापरीक्षण म्हणायचं की हिशेबतपासणी.

पहिल्याचं उत्तर नाही, नाही आणि नाही. असले फॉरवर्ड कोण लिहितं देव जाणे. फडणीस पेशव्यांच्या हुजूर दप्तरात, म्हणजे मुख्य कचेरीत बसायचा, ढोलकीच्या फडात नाही. उसाचा फड, कुस्तीचा फड, वारकऱ्यांचा फड हे सगळ्यांना माहितीये, सोडून देतो. खरी मजा 'फडणीस'मध्ये आहे. नीस म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. चिटणीस, सबनीस, पोतनीस सगळे त्याच घरचे, त्यावर वाद नाही. वाद आहे तो 'फड'वर. एक पंथ म्हणतो फड म्हणजे कचेरी, तिथे लिहिणारा तो फडणीस, आणि हुजूर दप्तराच्या एका शाखेला फड म्हणायचे हा पुरावा ते नाचवत असतात. माझं मत पक्कं आहे, मूळ शब्द फारसी फर्द, म्हणजे हिशेबाचा सुटा कागद. "र्दचा ड कसा झाला हो?" असं विचारणाऱ्या विद्वानांनी आधी स्वतःच्या खिडकीचा पडदा बघावा! फारसीत पर्दा, मराठीत पडदा. मुर्दा, मुडदा. मग फर्दनवीसचा फडनवीस व्हायला कोणाची परवानगी हवी होती? ड-द-नच्या चेंगराचेंगरीत मधला द गेला, बस. गर्दीची गडदी का नाही झाली म्हणाल तर सगळे शब्द एकाच दिवशी एकाच तोंडातून मराठीत आले नाहीत म्हणून. कचेरीवाल्यांनी पडदा आणि मुडद्याचं काय ते सांगावं, मग बोलू.

हां, अनुदान. मला खरा वैताग येतो तो "यूसी दिलं म्हणजे ऑडिट झालं" या वाक्याचा. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, ते पैसे घेणारा देतो, की ज्या कामासाठी घेतले त्यालाच लावले. ऑडिट बाहेरचा करतो. आणि महालेखापरीक्षक, म्हणजे देशाचे सगळ्यात वरचे सरकारी हिशेबतपासनीस, प्रत्येक फडाच्या राहुटीत येऊन वह्या उघडतात असंही नाही. त्यांची कामं आणि अधिकार ठरवणाऱ्या 1971 च्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे वर्षाचं अनुदान किमान 25 लाख आणि ते संस्थेच्या एकूण खर्चाच्या किमान 75 टक्के असेल तर संस्थेचे हिशेब थेट त्यांच्या तपासणीत येतात. त्याखाली, अनुदान ठरावीक कामासाठी असेल तर कलम 15, आणि तिथे मुळात बघायचं असतं ते पैसे देणाऱ्या खात्याने अटी पाळल्या गेल्याची खात्री कशी करून घेतली ते. म्हणजे परीक्षा खात्याची! हे बातम्या लिहिणाऱ्यांच्या गावीही नसतं.

फडमालकाची अडचण वेगळीच. नारायणगावला सुपारी, म्हणजे खेळाचं बुकिंग, ठरते, त्याच्या कितीतरी आधी कलाकाराने उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, आणि वहीत नावासमोर आकडा न् सही एवढंच. सरकारी तपासणीला पावती लागते, व्हाउचर लागतं. उचलीला दप्तरी भाषेत तसलमात म्हणतात, किती झकास शब्द आहे, पण तसलमात लिहिली की ती कधी फिटली तेही लिहावं लागतं, आणि उचल अशी सरळ फिटते कुठे? एका सीझनची पुढच्या सीझनवर चढते.

बाकी लेखापरीक्षण आणि हिशेबतपासणी दोन्ही चालतात, सरकारी कागदावर पहिला, बोलताना दुसरा. फक्त महालेखापाल, म्हणजे राज्यातला हाताखालचा अधिकारी, आणि वरचे महालेखापरीक्षक एकच समजू नका.